पट, हजेरी आणि जात : बारामती–इंदापूर परिसरातील प्राथमिक शाळांची सामाजिक घडण

प्रस्तावना

जिल्हा परिषदेच्या कोणत्याही जुन्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात एक दस्तऐवज कुलूपबंद ठेवलेला असतो. त्यास जनरल रजिस्टर म्हणतात. विद्यार्थ्याचे नाव, धर्म, जात व पोटजात, जन्मतारीख, मागील शाळा, दाखल झाल्याचा दिनांक, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक आणि शाळा सोडण्याचे कारण असे त्याचे रकाने. वर्तणुकीच्या रकान्यात पिढ्यानुपिढ्या ‘चांगली’ हा एकच शब्द आढळत असल्याने इतिहासाच्या अभ्यासकास त्याचा उपयोग नाही. उपयोग आहे तो दोन रकान्यांचा : जात आणि शाळा सोडण्याचे कारण. महाराष्ट्रातील ग्रामीण शिक्षणाचा सामाजिक इतिहास आजवर प्रामुख्याने पहिल्या रकान्यावरून लिहिला गेला. कोणत्या जातीची किती मुले शाळेत दाखल झाली, हा त्याचा मुख्य प्रश्न राहिला. तथापि दाखल होणे आणि शाळेत बसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिक्षकांच्या परिभाषेत पहिलीस पट व दुसरीस हजेरी म्हणतात. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात पट आणि हजेरी यांतील अंतर जातीशी व जमिनीशी कसे निगडित राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

येथे एक तुलना उपयुक्त ठरेल. अमेरिकेत १९५४ च्या ब्राउन खटल्यातील निकालानंतर शाळांतील विद्यार्थ्यांची वर्णनिहाय मोजदाद हे विलगीकरण उघड करण्याचे साधन बनले. तेथे कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय यांच्या शाळाच निरनिराळ्या होत्या. त्यामुळे शाळावार आकडे मांडले की भेद दिसे. महाराष्ट्रातील खेड्यात बहुधा एकच शाळा. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र शाळा काही ठिकाणी होत्या, परंतु जेथे नव्हत्या तेथे विलगीकरण त्याच छपराखाली, वर्ग आणि ओसरी यांच्यामध्ये होत असे. शाळावार आकडे मांडले असता अशी शाळा सर्व जातींची दिसते. मोजदादीची जी पद्धत एका देशात भेद उघड करते, तीच दुसऱ्या देशात तो झाकू शकते.

मोजणी, उपकर आणि शाळा

इंदापूर तालुक्यास महसुली इतिहासात विशेष स्थान आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी केलेल्या पाहणीच्या आधारे १८३६ मध्ये येथे जमीनधाऱ्याची नवी आकारणी लागू झाली आणि पुढे मुंबई इलाख्यातील रयतवारी पाहणीचा तो नमुना ठरला. त्याच वर्षी शेजारच्या पुरंदर तालुक्यात शॉर्टरीड या अधिकाऱ्याने खेड्यांतून सरकारी मराठी शाळा सुरू केल्या. एकाच वर्षी एका तालुक्यात शेत मोजले गेले आणि शेजारच्या तालुक्यात शाळा निघाली, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. सरकारी बंदोबस्तास मोडी वाचणारा, हिशेब ठेवणारा माणूस खेड्यात हवा होता.

तोपर्यंत या भागात लिहिणे-वाचणे कोणाकडे होते, हे सांगण्यास बारामतीचे उदाहरण पुरेसे आहे. पेशव्यांचे नातलग व सावकार असलेल्या बाबूराव नाईकांच्या आश्रयाने मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आपली विपुल काव्यरचना याच गावी केली. आर्यांची परंपरा एका वाड्यात बहरत असताना कऱ्हाकाठच्या कुणब्यास आपल्या नावावरील कर्जाचा आकडा वाचता येत नव्हता. पंतोजींच्या खासगी शाळांत मोडी, पाढे व पत्रलेखन शिकवले जाई. त्यांत ब्राह्मण व व्यापारी घरांतील मुलेच प्रामुख्याने असत, कारण ज्या धंद्यास अक्षर लागे त्या धंद्यातील घरेच पंतोजीस दक्षिणा देत.

१८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले आणि १८६० च्या दशकात लोकल फंडाचा उपकर बसला. जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा घेऊन त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे वळवण्यात आला. १८६९ च्या कायद्याने या व्यवस्थेस कायदेशीर रूप मिळाले. म्हणजे ज्या आकारणीची सुरुवात इंदापुरात झाली, तिच्यावरच खेड्यातील शाळा उभी राहिली. उपकर भरणारा मुख्यतः कुणबी, माळी, धनगर होता. शाळेत टिकणारा मुलगा मात्र बहुधा त्याच्या घरातील नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले. शेतकऱ्याच्या श्रमातून येणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप होता. पुण्यापासून दूरच्या या दुष्काळी तालुक्यांना तो विशेषत्वाने लागू होता.

या विसंगतीचे प्रत्यक्ष परिणाम त्याआधी सात वर्षे दिसून आले होते. १२ मे १८७५ रोजी सुपे या बाजाराच्या गावी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. दख्खनच्या दंग्यांची सुरुवात येथूनच झाली. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदावर होता. कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले. दंग्यांची कारणे अनेक आहेत, आणि ती अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पुष्कळ चर्चिली आहेत. शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट नोंदवावी लागते. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा अशी तरतूद केली. शेतकऱ्यास स्वतःचा दस्त वाचता येत नाही, हे कायद्याने गृहीत धरले आणि त्यावर उपाय म्हणून वाचणारा दुसरा माणूस नेमला. शेतकऱ्याच्या मुलास वाचायला शिकवण्याचा उपाय कायद्याच्या कक्षेत नव्हता.

‘अन्य हिंदू’

एकोणिसाव्या शतकातील सरकारी तक्ते वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. हंटर आयोगाच्या वेळी मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळांमध्ये ब्राह्मण विद्यार्थी शेकडा वीसच्या आसपास होते आणि माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत हे प्रमाण चाळीसपर्यंत जाई. लोकसंख्येत ते शेकडा पाचाहून अधिक नव्हते. अस्पृश्य गणलेल्या जातींची मुले प्राथमिक शाळांतही शंभरात एक भरत नव्हती. हे आकडे सर्वपरिचित आहेत. त्यांच्या मधोमध ‘अन्य हिंदू’ नावाचा मोठा गट आहे आणि प्राथमिक शाळांतील जवळजवळ दोन तृतीयांश विद्यार्थी त्यात येतात. वाणी, सोनार, शिंपी, मराठा, कुणबी, माळी, धनगर, रामोशी हे सर्व त्या एका शब्दात सामावले. बारामतीच्या पेठेतील दुकानदाराचा मुलगा आणि इंदापूरच्या माळरानावर मेंढ्यांमागे फिरणारा धनगराचा मुलगा एकाच रकान्यात मोजले गेल्याने बहुजन समाज शाळेत पोहोचल्याचा आभास त्या तक्त्यांतून निर्माण होतो.

अस्पृश्यांच्या बाबतीत प्रश्न निराळा होता. १८५६ मध्ये धारवाड येथील एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे हे सरकारने मान्य केले, तरी इतर विद्यार्थी शाळा सोडतील या भीतीने प्रवेश दिला नाही. पुढे सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व जाहीर झाले. परंतु तत्त्व जाहीर करणारे लंडनला व मुंबईला, आणि अंमल करणारा गावच्या शाळेतील मास्तर. महार-मांगांची मुले दाखल झाली तरी ती ओसरीवर किंवा दाराबाहेर बसत, पाटी दुरून दाखवत आणि पाण्यासाठी कोणाच्या तरी दयेची वाट पाहत. अशा मुलाचे नाव रजिस्टरात इतरांसारखेच एका ओळीत येते. तो कोठे बसला, हे सांगणारा रकाना त्या वहीत कधीच नव्हता.

हा भेद शासकीय आदेशाने मोडण्याचा प्रयत्न शेजारच्या एका संस्थानात झाला, त्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसामान्य शाळांत इतरांबरोबर दाखल करण्याचा आदेश दिला. ब्रिटिश मुलखात याच सुमारास वाट उलट दिशेने गेली. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे आला. स्थानिक स्वराज्याच्या दृष्टीने हे पाऊल पुढचे होते, यात शंका नाही. परंतु लोकल बोर्डावर निवडून येणारे सभासद ज्या जमीनदार व सधन घरांतील होते, त्यांच्याच गावात ओसरीची प्रथा होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये सायमन आयोगास दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपवण्यास स्पष्ट विरोध केला, तो याच कारणासाठी. त्यांच्या या भूमिकेस लोकशाहीविरोधी म्हणणाऱ्यांनी गावच्या शाळेची ओसरी पाहिलेली नसावी.

डॉ. आंबेडकरांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेले आकडे या काळावर चांगला प्रकाश टाकतात. शिक्षण खात्याच्या वर्गवारीनुसार दर हजार लोकसंख्येमागे प्राथमिक शिक्षण घेणारे विद्यार्थी प्रगत हिंदूंत ११९, मुसलमानांत ९२, मराठा व तत्सम मध्यम वर्गात ३८ आणि मागास वर्गात १८ होते. माध्यमिक शिक्षणात हे प्रमाण दर लाखामागे अनुक्रमे ३०००, ५००, १४० आणि १४ असे घसरते. प्राथमिक शाळेत प्रगत व मागास यांच्यातील अंतर सहा-सात पट आहे. माध्यमिक शाळेपर्यंत पोहोचताना ते दोनशे पटींच्या वर जाते. दाखल्याच्या रकान्यापेक्षा शाळा सोडल्याचा रकाना महत्त्वाचा का, याचे उत्तर या दोन ओळींत आहे. स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात मागास वर्गाची दलित वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागासवर्ग अशी विभागणी सुचवली. त्यामुळे निदान कागदावर तरी भटक्यांचा व अस्पृश्यांचा प्रश्न वेगळा झाला.

पाणी आले

बारामती–इंदापूरच्या शाळेचा इतिहास इलाख्याच्या सर्वसाधारण इतिहासापासून वेगळा होतो तो कालव्यामुळे. १८७६–७७ च्या दुष्काळानंतर हाती घेतलेला नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात वाहू लागला. भाटघर येथील धरणाने त्यास बारमाही पाणी दिले. पुरंदरमधून बारामती व इंदापूरकडे जाणाऱ्या या कालव्याच्या पट्ट्यात ऊस आला, गूळ आला, सासवडकडील माळी बागाईतदार आले. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंब परिसरात साखर कारखाना उभारला व वालचंदनगर वसले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथे सहकारी कारखाने निघाले. सुप्याकडील जिरायत पट्टा मात्र कोरडाच राहिला.

बागाईतीने शाळेच्या पटावर दोन परस्परविरुद्ध परिणाम केले. जमीनधारक मराठा व माळी कुटुंबांच्या हाती प्रथमच शिल्लक राहिली आणि त्यांची मुले चौथीनंतर शाळा सोडीनाशी झाली. १९५९ मध्ये कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या पाल्यांना जातीचा विचार न करता शुल्कमाफी मिळाली, तेव्हा या वर्गाचा माध्यमिक शाळेतील प्रवेश सुकर झाला. १९६२ मध्ये बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. अवघ्या एका पिढीत मध्यम वर्ग पटाच्या केंद्रस्थानी आला. शिक्षणाच्या प्रसाराचे हे यश कमी लेखण्याचे कारण नाही.

दुसरा परिणाम भूमिहीनांवर झाला. उसाची लागण, खुरपणी व भरणी ही बारमाही कामे असल्याने मजुराच्या मुलास शेतावर वर्षभर काम मिळू लागले. जिरायत गावात पावसाळ्यानंतर मूल रिकामे असे आणि शाळेत येऊ शके. बागाईत गावात घरची आई मळ्यात गेली की धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी मोठी मुलगी घरी राही. शाळा सोडण्याच्या कारणात ‘सतत गैरहजर’ एवढेच लिहिले जाते; कारण कालव्याच्या पाण्यात आहे, हे त्या दोन शब्दांवरून कळत नाही. शासनाने हे अंतर ओळखले, पण उशिरा. १९९२ पासून दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती, जमाती व विमुक्त-भटक्या जमातींच्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर दिवसामागे एक रुपया उपस्थिती भत्ता देण्यात येऊ लागला. रक्कम क्षुल्लक होती. तरीही शासनाने नावनोंदणीऐवजी हजेरीचे पैसे मोजले, ही त्या योजनेची खरी नवलाई होय.

पाण्याने वस्तीची रचनाही बदलली. शेतकरी गावठाणातील घर सोडून मळ्यात राहावयास गेला. वाड्या-वस्त्यांवर शाळा मागण्यात आल्या आणि मिळाल्या. २००० नंतरच्या वस्तीशाळा योजनेने त्यांत भर घातली. ज्यांना मळा नव्हता ते गावठाणालगतच्या जुन्या वस्तीत राहिले. जातिभेदाचा कोणताही हेतू नसताना, निव्वळ अंतराच्या सोयीने, मळ्यातील शाळेचा पट एका समाजाकडे आणि गावठाणातील शाळेचा पट दुसऱ्याकडे झुकण्याची वाट अशा रीतीने मोकळी झाली. इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या वस्त्यांपर्यंत येऊ लागल्यावर सधन घरांची मुले या दोन्ही शाळांतून बाहेर पडू लागली. इंदापूरच्या उत्तरेस उजनी धरणाच्या पाण्याने (१९८०) पळसदेवसारखी गावे उठली. तेथील शाळांना गावाबरोबर नव्या गावठाणात जावे लागले.

रकान्याचे दुसरे आयुष्य

जातीचा रकाना शिक्षणाच्या मोजदादीसाठी जन्मला असला तरी आज त्याकडे मुख्यतः पुरावा म्हणून पाहिले जाते. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांना १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे वास्तव्याचे व जातीचे पुरावे द्यावे लागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याइतका सहज मिळणारा दुसरा पुरावा नसतो. मात्र आजोबा शाळेत गेलेले असावे लागतात. ज्या समाजास शाळेने दाराबाहेर ठेवले, त्याच समाजाच्या नातवाकडे शाळेच्या कागदाची मागणी होते. मेंढरांबरोबर किंवा गाढवांबरोबर फिरणाऱ्या कुटुंबास ही अट किती जाचक आहे, हे निराळे सांगणे नको. पारधी, कैकाडी यांसारख्या समाजांची नावे शाळेच्या रजिस्टरात येण्याआधी पोलिसांच्या हजेरीपटावर आली होती. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत अमलात होता.

रकान्यातील शब्द स्थिर राहत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक शाळांत ‘हिंदू महार’ या नोंदीच्या जागी ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ अशी नोंद होऊ लागली. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये नवबौद्धांना सवलती दिल्या, केंद्राने १९९० मध्ये. मधल्या तीस वर्षांत एकाच घरातील दोन भावांची नोंद दोन प्रकारे झाल्याने केवळ आकड्यांवरून महार विद्यार्थी घटले, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. मुले तीच होती. धनगर समाजाचा प्रश्न तर एका अक्षरावर येऊन ठेपला आहे. अनुसूचित जमातींच्या यादीतील ‘धनगड’ म्हणजेच धनगर, या मागणीसाठी जुलै २०१४ मध्ये बारामतीत मोठे उपोषण झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यासंबंधीच्या याचिका फेटाळल्या. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या शाळांच्या रजिस्टरांतील जीर्ण पाने पुन्हा उलटली गेली. एके काळी ‘कुणबी’ की ‘मराठा’ हे शिक्षकाने पालकास विचारून, किंवा न विचारताच, लिहिले होते. त्या क्षणी घेतलेल्या निर्णयावर आज नातवंडांचे प्रवेश व नोकऱ्या अवलंबून आहेत.

पटावर नसलेली मुले

पटाच्या विश्वसनीयतेचा प्रश्न राज्यभर एकदाच प्रकर्षाने पुढे आला. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत झालेल्या पटपडताळणीत लक्षावधी विद्यार्थी केवळ कागदावर असल्याचे उघडकीस आले. शिक्षकांची पदे व अनुदान पटावर अवलंबून असल्याने पट फुगतो, हे शिक्षणक्षेत्रात कोणास नवे नव्हते. त्या चर्चेत उलट बाजू मात्र मागे पडली. काही मुले पटावर असून वर्गात नसतात, तशीच काही मुले गावात असून पटावर नसतात.

दिवाळीनंतर बारामती व इंदापूरच्या कारखान्यांच्या परिसरात बीड, अहिल्यानगर व इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येतात आणि उसाच्या फडांजवळ पालांची वस्ती उभी राहते. त्यांत वंजारी, मराठा, धनगर, दलित, भटके असे अनेक समाज असतात. मुलांची नावे मूळ गावच्या शाळेच्या पटावर आणि मुले येथे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वयंसेवी संस्थांच्या प्रयत्नाने साखरशाळा चालल्या. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आल्यावर अशा मुलांना जवळच्या नियमित शाळेत बसवावे किंवा मूळ गावी हंगामी वसतिगृहात ठेवावे, असे धोरण आले. धोरण योग्य असले तरी फडापासून शाळेचे अंतर, पहाटे सुटणारी बैलगाडी आणि पालात ठेवलेले तान्हे मूल यांचा विचार त्यात झालेला नाही. वाढे बांधणाऱ्या मुलीस त्या गावच्या शाळेची घंटा ऐकू येते. जानेवारीत त्या गावचा पट पाहिला तर तो शंभर टक्के भरलेला असतो, कारण तिचे नाव त्यात नसते. आणि तिच्या मूळ गावच्या रजिस्टरात, तिच्या जातीसमोर, त्या महिन्याची हजेरी कोरी असते.